दिवाळ्याची मुदत

मी दुसरीत असेन तेव्हाची गोष्ट. बेळगावातल्या आमच्या गल्लीत मराठी आणि कानडी घरे एकाआड एक होती. आम्ही मुले दोन्ही भाषांत खेळत असू आणि भांडताना जी आठवेल ती भाषा वापरत असू. एकदा गोट्यांवरून जुंपली, तेव्हा समोरच्या घरातला मुलगा मला म्हणाला, “निम्मज्ज दिवाळि आगिद्नंत!” मला त्यात रागावण्याजोगे काहीच दिसले नाही. तुझे आजोबा म्हणे दिवाळी झाले होते! मला तो मानच वाटला. घरी येऊन मी ते मोठ्या आनंदाने आजीला सांगितले. आजी चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि काही न बोलता ती परसात निघून गेली. आईने माझा कान धरला. का, ते कळायला मला आणखी पाचसहा वर्षे लागली.

कानडीत ‘दिवाळि’ म्हणजे दिवाळे. सणाला ते दीपावळि म्हणतात. मराठीतही दिवाळी आणि दिवाळे यांत अंतर फक्त एका मात्रेचे. पूर्वी ज्या व्यापाऱ्याला देणे भागवता येईनासे होई तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून, गादी उलटी करून बसे आणि त्यावरून ‘दिवाळे’ आले, असे जुनी माणसे सांगत. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना हिंदीतला ‘टाट उलटना’ हा वाक्प्रचार ठाऊक असेलच; तो त्याच घरातला. म्हणजे दिवाळे ही झाकायची नव्हे, गावाला दाखवायची गोष्ट होती. दिवा दिसला की लोकांनी काय ते समजावे. पण तो दिवा विझवायचा कधी, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. मला गेली काही वर्षे त्याच प्रश्नाने पछाडले आहे.

आजोबांची रविवार पेठेत गुळाची अडत होती. हंगामाआधी शेतकऱ्यांना उचल द्यायची, गूळ आला की विकून हिशेब चुकता करायचा, असा धंदा. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला त्याच्याशी आपला काय संबंध, असे पेठेत त्या वेळी कुणालाही वाटले असते. पण पुढच्या दोन वर्षांत जगभर शेतमालाचे भाव गडगडले आणि त्यात गूळही आला. ज्या भावाच्या भरवशावर उचल दिली तो भाव आलाच नाही. शेतकऱ्याकडून येणे येईना आणि आजोबांनी ज्यांच्याकडून पैसा उचलला होता त्यांचे देणे काही थांबेना. १९३१ च्या दसऱ्यानंतर त्यांनी बेळगावच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याच्या मुफसल भागाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू होता. खुद्द मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा वेगळा.

हा १९२० चा कायदा मी मोठेपणी, नोकरीतून मोकळा झाल्यावर, बैठक मारून वाचला. आपण समजतो तितका तो कोरडा नाही. पाचशे रुपयांवर देणे असेल तर कर्जदार स्वतः कोर्टात जाऊ शकतो. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, हत्यारे यांना हात लावायचा नाही. हुकूम सरकारी गॅझेटात छापायचा. म्हणजे भरदिवसाचा दिवा आता सरकार लावणार! आणि जोवर सुटकेचा हुकूम मिळत नाही, तोवर अशा माणसाने आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. विचार करा, पन्नास रुपये!

सुटकेलाही अट होती. मालमत्तेतून रुपयाला आठ आणे तरी सुटत नसतील तर कोर्टाने बिनशर्त सुटका द्यायची नाही. मात्र हे आपल्या दोषाने घडले नाही, असे कर्जदाराने पटवून दिले तर गोष्ट वेगळी. धंद्याच्या वह्या नीट ठेवल्या नसतील तर तेही सुटकेच्या आड येई. आजोबांचे सव्वासहा आणेच भरत होते. पण भाव पडले ते साऱ्या जगात, आणि त्यांची रोजकीर्द व खतावणी इतकी चोख होती की रिसीव्हरला त्यांत बोट ठेवायला जागा मिळाली नाही. १९३४ साली त्यांना सुटका मिळाली. तो हुकूम आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे.

कायद्याच्या लेखी गोष्ट तिथे संपली. तीन वर्षे आणि काही महिने. मात्र पेठेच्या लेखी ती संपली नाही. माझ्या वडिलांनी १९५१ साली कागद-वह्यांचे दुकान काढले, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने इतरांना महिन्याची उधारी देऊन त्यांच्याकडून मात्र रोख मागितले. वडिलांनी कारण विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. १९६८ साली बहिणीचे लग्न ठरत होते, तेव्हा मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी “ते अडतवाले म्हणजे तेच ना?” एवढेच विचारले. ‘तेच ना’ हे दोन शब्द. सदतीस वर्षे झाली होती. आजोबा जाऊनही चौदा वर्षे.

यात पेठ दुष्ट होती असे मला वाटत नाही. उधारीवर चालणाऱ्या बाजाराला आठवण हेच तारण असते. ज्याला उधार द्यायची त्याचे मागचे ठाऊक असल्यावाचून कोण देईल? आणि आपल्याकडे ही आठवण एका माणसापुरती कधीच नव्हती. बापाचे ऋण मुलाने, नातवाने फेडणे हे धर्मकर्तव्य, असा शास्त्राचा दंडक आणि इंग्रजी कोर्टांनीही तो मान्य केलेला. मुंबई इलाख्यात १८६६ साली कायदा होऊन वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. पण तो मुलगा-नातू या नात्यानेच देणेकरी हे तत्त्व हिंदू कायद्यातून पुरते गेले ते थेट २००५ च्या दुरुस्तीने. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे काढून त्यांच्या होळ्या केल्या. निरक्षर माणसालाही कळत होते की आपल्यावरचे ओझे त्या कागदाच्या आठवणीत आहे. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा आला, हे शाळेत शिकलो. जाळलेल्या कागदांचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

तो कळण्याला निमित्त झाला माझा पुतण्या. तो १९९९ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात गेला. मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. बेळगावच्या फाउंड्रीच्या वातावरणात वाढलेला, म्हणजे हाडाचा त्यातलाच. २००५ साली घर घेतले. २००८ च्या डिसेंबरात नोकरी गेली. घराची किंमत कर्जाहून खाली आली, क्रेडिट कार्डांवर घर चालले, आणि २००९ च्या सप्टेंबरात त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. आम्हा कुणाला त्याने हे सांगितले नाही. दहा वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरात, रात्री त्याचा फोन आला. “काका, आज माझा रिपोर्ट कोरा झाला.” मला वाटले, कुठली तरी दुखण्याची तपासणी असेल! मग तो तासभर बोलत होता, आणि मी माळ्यावरच्या ट्रंकेचा विचार करत होतो.

त्या फोननंतर मी या विषयाची पुस्तके मागवून वाचली. दिवाळखोराची आठवण ठेवणारा धंदा आणि त्याला माफ करणारा कायदा अमेरिकेत एकाच वर्षी, १८४१ साली, जन्मले. १८३७ च्या आर्थिक घबराटीत तिथे हजारो व्यापारी बुडाले होते. त्यांच्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १८४१ च्या ऑगस्टमध्ये कायदा केला आणि सामान्य कर्जदाराला आपण होऊन अर्ज करून देण्यातून मोकळे होण्याची वाट प्रथमच देशभर खुली झाली. सावकार इतके खवळले की दोन वर्षांच्या आत तो रद्दही झाला. आणि त्याच १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाच्या गृहस्थाने ‘मर्कंटाइल एजन्सी’ उघडली. हा टॅपन म्हणजे गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला कडवा धार्मिक माणूस. भावाबरोबरची त्याची रेशमाची पेढी १८३७ मध्ये बुडाली होती. ज्याने स्वतः उधारीत हात पोळून घेतले त्यानेच दुसऱ्यांच्या पतीची नोंद ठेवण्याचा धंदा काढावा, यात मला तरी विसंगती वाटत नाही.

त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. गावोगावचे वकील आणि परिचित लोक त्याला पत्राने कळवत की अमुक दुकानदार कसा आहे, किती भांडवल आहे, पितो का, बायकोच्या माहेरचे काय आहे. न्यूयॉर्कला कारकून ते मोठमोठ्या वह्यांत उतरून घेत. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येई, तेव्हा त्याच्यापुढे नोंद वाचून दाखवली जाई. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला मात्र त्यातले अक्षर दिसत नसे. माणूस ज्यू असेल तर तेही सावधगिरीची सूचना म्हणून लिहून ठेवलेले आढळते. आमच्या पेठेतले ‘तेच ना?’ तिथे शाईने लिहिले गेले, एवढाच फरक. एजन्सीच्या पुढच्या काळातल्या अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. एकदा बुडाला की ‘अमुक साली बुडाला’ ही ओळ तो कितीही वर आला तरी वहीत तशीच राही. तिला मुदत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा एक धागा आपल्या बडोद्यापर्यंत येतो. मार्क ट्वेन या प्रसिद्ध लेखकाची प्रकाशन संस्था १८९४ च्या एप्रिलमध्ये बुडाली. सुमारे एक लाख डॉलरचे देणे होते. तडजोड करून थोडक्यात सुटणे शक्य असताना त्याने बायकोच्या आग्रहाने सगळे देणे फेडायचे ठरवले आणि साठीला टेकलेला, आजारी माणूस व्याख्याने देत जगभर हिंडला. त्याच दौऱ्यात १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला, आणि महिनाअखेरीस बडोद्याला सयाजीरावांच्या राजवाड्यात त्याचे व्याख्यान झाले. तिथल्या सोन्याच्या आणि चांदीच्या तोफा त्याने पाहिल्या. राजवाड्यात बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की समोरचा विनोदी गृहस्थ देणेकऱ्यांसाठी बोलतो आहे? १८९८ मध्ये त्याने शेवटचे देणे फेडले आणि त्याचा सगळीकडे गौरव झाला. पण ट्वेन होता म्हणून झाला. साध्या गूळवाल्याने हेच केले तर वर्तमानपत्रात येत नाही.

असो. विसाव्या शतकात या वह्या व्यापाऱ्यांवरून साध्या गिऱ्हाइकांवर आल्या. अटलांटात १८९९ साली दोन भावांनी काढलेली एक कंपनी दुकानदारांना ‘हा पैसे देतो, हा देत नाही’ अशा याद्या विके. तीच पुढे इक्विफॅक्स झाली. १९६० नंतर या नोंदी संगणकावर चढू लागल्या. वहीची पाने फाटतात, वाळवी लागते, वाचणारा म्हातारा होतो. यंत्राला यातले काहीच होत नाही. तेव्हा प्रथमच लोकांच्या लक्षात आले की विसरणे हे आपोआप होणार नाही, त्यालाही कायदा करावा लागेल.

सेनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी तो लावून धरला आणि १९७० च्या ऑक्टोबरमध्ये तो मंजूर झाला. आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे जाणण्याचा आणि चूक असेल तर दुरुस्ती मागण्याचा हक्क माणसाला मिळाला. आणि दुसरी गोष्ट अशी की वाईट नोंदींना मुदत घातली गेली. थकबाकीसारख्या नोंदींना सात वर्षे, दिवाळखोरीला चौदा. १९७८ च्या दिवाळखोरी कायद्याने चौदाची दहा केली. टॅपनच्या एजन्सीपासून पहिल्या मुदतीपर्यंत एकशे एकोणतीस वर्षे गेली. मोठ्या रकमांना मात्र यातही पळवाट आहे. दीड लाख डॉलर किंवा त्याहून अधिक कर्जासाठी, किंवा पंचाहत्तर हजारांहून अधिक पगाराच्या नोकरीसाठी अहवाल मागवला तर मुदतीचे बंधन नाही.

पुतण्याने ही दहा वर्षे कशी गेली ते सांगितले. अर्जानंतर चारेक महिन्यांत कोर्टाचा सुटकेचा हुकूम आला. आजोबांना तीन वर्षे लागली होती. हुकूम झाला की माफ झालेल्या प्रत्येक खात्यासमोर ‘दिवाळखोरीत समाविष्ट, बाकी शून्य’ असे यायला हवे. त्याच्या दोन खात्यांवर बाकी तशीच दिसत होती, ती त्याने पत्रे लिहून दुरुस्त करून घेतली. २००३ च्या कायद्यापासून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो तो दरवर्षी मागवी. पतीचा आकडा धाडकन खाली येतो आणि गंमत म्हणजे ज्याची पत आधी उत्तम तो जास्त खोल पडतो. पहिली दोन वर्षे भाड्याचे घर मिळणे कठीण; एका घरमालकाने तीन महिन्यांची अनामत मागितली. जुन्या मोटारीचे कर्ज एकोणीस टक्क्यांनी. बँकेत पाचशे डॉलर अडकवून पाचशेच्याच मर्यादेचे कार्ड घेतले आणि त्यावर फक्त पेट्रोल भरून दर महिन्याला पुरते फेडले. नोंद तीच राहते, पण वर्षागणिक तिचे वजन घटते. चौथ्या-पाचव्या वर्षी तिच्याकडे पाहून कुणी दचकेनासे झाले. सात वर्षे झाली तशी थकलेली खाती एकेक करून गळाली. शेवटी दिवाळखोरीची एकच ओळ उरली. दहा वर्षे भरली आणि तीही गेली. ती दहा वर्षे सुटकेच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजतात, हे त्याने मला दोनदा बजावून सांगितले. त्याने ती तारीख किती वेळा मोजली असेल!

“लाज वाटली म्हणून नाही सांगितले का?” मी विचारले. तो म्हणाला, “काका, २००९ साली क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघेही त्याच कायद्याखाली कोर्टात गेले. त्यांना कुणी काही म्हटले नाही. पण आपल्या घरात तो शब्द...” त्याने वाक्य पुरे केले नाही.

आपल्याकडे सिबिल २००० साली स्थापन झाली आणि २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. त्याखालच्या नियमांनुसार माहिती किमान सात वर्षे जपून ठेवायची आहे. तिकडे सात वर्षे ही कमाल, इकडे किमान! आणि २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता कंपन्यांना लागू झाली. व्यक्तींपैकी ती लागू झाली ती फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, २०१९ च्या डिसेंबरपासून. बेळगावच्या साध्या दुकानदारासाठी आजोबांचा १९२० चा कायदाच उरला आहे, रुपयाला आठ आणे आणि पन्नास रुपयांच्या उधारीसकट.

पुतण्या गेल्या वर्षी गावी आला, तेव्हा आम्ही ती ट्रंक खाली काढली. सुटकेच्या हुकुमाच्या पाठीवर मोडीत सतरा नावे आणि रकमा आहेत, हे मी पूर्वी पाहिले होते. मोडी येत नसल्याने पुढे गेलो नव्हतो. जाणकाराकडून वाचून घेतले. १९३४ नंतर, कायद्याने काहीच देणे उरलेले नसताना, आजोबा त्या माणसांची राहिलेली बाकी फेडत होते. पंधरा नावांपुढे तारखा होत्या, शेवटची १९५३ ची, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षाची. पेठेला हे ठाऊक नव्हते की ठाऊक असूनही तिने मोजले नाही, ते आता कोण सांगणार.

दोन नावे राहिली होती. एका घराण्याचा पत्ता लागला नाही. दुसऱ्याचे दुकान अजून पेठेत आहे, धान्याचे. बाकी एकेचाळीस रुपये सहा आणे. पुतण्या म्हणाला, जाऊन येऊ. गल्ल्यावर पन्नाशीचा गृहस्थ होता, मूळ मालकाचा नातू. “बर्री, कुंद्री,” म्हणत त्याने खुर्च्या पुढे केल्या. मी मोडकीतोडकी कानडी मधे मधे घालत सगळे सांगितले, कागद दाखवला. तो हसला, आतून चहा मागवला. आजोबांचे नाव त्याने कधी ऐकलेच नव्हते. “काका, आमच्या आज्जाच्या वह्या कुठल्या आता,” तो आमच्या मराठीत म्हणाला, “वाळवीने खाल्ल्या की हो, पंचाऐंशीच्या पावसात.” पैसे काही घेईना. शेवटी पुतण्याने एकेचाळीस रुपयांचा गूळच त्याच्याकडून विकत घेतला. आजकाल त्या पैशात पाऊण किलोही येत नाही.